मेणाला रजई

जुईलीने टिपकागदाची घडी उघडली आणि ती काही बोलायच्या आतच विपुलने तोंड फिरवलं. कागदाच्या मधोमध तेलाचा डाग पसरला होता. भज्यांचा पुडा सोडल्यावर कागद दिसतो, तसा. शेजारी मेणाचा तुकडा मात्र आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पडला होता.

"आता?" विपुलने विचारलं.

तिने दुसरा कागद घेतला, तुकडा त्यात ठेवला, वर लोखंडी वजन ठेवलं आणि तळहाताने दाबून धरलं. आपण हट्टाला पेटलो म्हणून तेल काही लाजून आत राहणार नव्हतं. दुसऱ्या कागदावरही डाग उमटला.

"शुक्रवारी वापीचे रसिकभाई येऊन राहिले," विपुल म्हणाला. "क्रेन आन् ट्रक घेऊन. सारी मशिनरी इकत घेतीन, खोलतीन, भरतीन आन् नेतीन. बाबाले मी सांगतलं हाय. आता तूच सांग, त्यायले अडवू कायले?"

जुईलीने दोन्ही कागद चुरगाळून खिशात कोंबले. अडवायला तिच्याकडे एकही धड कारण नव्हतं.

अकोल्याच्या एमआयडीसीतला हा कारखाना तसा लहानसा. रिफायनरीत वंगणतेल काढून झालं की मागे एक तपकिरी, चिकट, बेंगरूळ मेण उरतं. ते टँकरने इथे यायचं. त्यातलं तेल काढून टाकलं की शुभ्र पॅराफिन हाती येतं. त्याच्या मेणबत्त्या होतात, मुलांचे रंगखडू होतात. तेल काढायची रीत जुनी आणि साधी आहे. मेण वितळवायचं, मोठाल्या ट्रेमधल्या जाळीवर, जाळीखाली पाणी भरून, ओतून थिजवायचं, पाणी सोडून द्यायचं आणि मग अगदी सावकाश, वितळणार नाही इतक्या बेताने तापवत न्यायचं. आतलं तेल पाझरून जाळीतून खाली गळतं. या धंद्यातले लोक याला मेणाचा घाम काढणं म्हणतात. मागे राहिलेलं कोरडं मेण वितळवून मुलतानीसारख्या मातीत ढवळायचं, गाळायचं, की झालं.

झालं म्हणजे, व्हायला हवं होतं. फेब्रुवारीत पहिली बॅच अशी उतरली होती की विपुलच्या वडिलांनी, खुशालरावांनी, तिचा एक तुकडा देवघरात नेऊन ठेवला. गुढीपाडव्यानंतर मात्र कशाचाच काही पत्ता लागेना. नागपूरच्या रंगखडूवाल्यांनी माल परत पाठवला. मुलं चित्रं काढतात आणि कागदाला तेल सुटतं, असं त्यांचं म्हणणं.

हा सगळा आराखडा जुईलीचा होता. गुजरातेतल्या रिफायनरीची नोकरी चालून आली असताना तिने ती नाकारली. तिवश्याच्या खुशालरावांसमोर नकाशे पसरून ती म्हणाली होती, "काका, हे इथेसुद्धा होतं. जिनिंगच्या पलीकडे वऱ्हाडात काही व्हायला हवं की नाही?" खुशालराव कापसातला माणूस. रसायनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगी इथे राहीन म्हणते, याच गोष्टीवर ते इतके खूश झाले की जागा, मशिनरी, माणसं, सगळं उभं करून दिलं. आता तीच मशिनरी वापीला गेली असती, तर 'इथे होतं' हे तिचं वाक्य जन्मभर तिचं तिलाच टोचत राहिलं असतं.

दोष सगळ्यांनी मिळून उन्हाला दिला होता. आणि वऱ्हाडात उन्हावर उपाय एकच. लग्नात नवरदेवाच्या मामाचं डोकं तापलं, लावा कूलर. पोराचा पेपर अवघड गेला, लावा कूलर. तेव्हा पाडव्याला ऊन चढायला लागताच, मेण बिघडू नये म्हणून, खुशालरावांनी ट्रेच्या समोर वाळ्याच्या ताट्यांचा जंबो कूलर आणून बसवला. तरी तेल. मग दुसरा आणला. तिसरा कुठे ठेवायचा हे तर जुईलीनेच, केमिकलची पदवी गाठीशी असताना, खडूने फरशीवर आखून दिलं. शेडमध्ये आता इतकं गार वाटायचं की जेवणाच्या सुट्टीत माणसं मेणाशेजारीच ताणून देत.

---

रविवारी ती अमरावतीला घरी गेली, ते वडिलांना सांगायलाच. बापूसाहेब जिल्हा न्यायालयातले वकील. लेक हरली की तिला हरलीस असं तोंडावर न म्हणण्याइतके जुने वकील होते.

"त्या रिफायनरीची पुन्हा जाहिरात आली आहे," ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले. "शुक्रवारपर्यंत अर्ज करता येतो. मी आपलं सांगून ठेवलं."

"हं."

आई, रमाबाई, आमरसासाठी आंबे पिळत होत्या. सकाळीच लोणी कढवून त्यांनी तूप गाळलं होतं. त्याचं पातेलं टेबलावर निवत होतं आणि समोरच्या खिडकीतून कूलरचा झोत सगळ्या खोलीवर धरलेला होता.

"म्हणजे शुक्रवारनंतर तू इकडेच येशील का गं?" रमाबाईंनी विचारलं.

"बघू. विपुलचं म्हणणं आहे की उन्हाळा संपेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. आणि तो काही चुकीचं बोलून नाही राहिला आई. मी सगळं करून पाहिलं. वाफ बदलली, कच्चा माल बदलला, थंड करायला आणखी एक..."

बोलता बोलता ती उठली. फडक्याने तुपाचं पातेलं उचललं, आतल्या खोलीच्या दाराआडच्या कोपऱ्यात ठेवलं, वर ताट झाकलं आणि खुंटीवरचा टॉवेल दुहेरी करून त्या ताटावर टाकला. लहानपणापासून तिने हे शंभरदा केलं असेल. या घरात तूप कूलरपुढे राहिलं तर बोलणी बसत.

आणि मग ती तिथेच, दाराआड, पातेल्यासमोर उकिडवी बसून राहिली.

"काय झालं?" रमाबाईंनी आमरसाचे हात तसेच धरून डोकावलं.

"आई, तूप रवाळ व्हायला काय लागतं?"

"लागायचं काय? काही नाही. त्याच्या वाटेला जायचं नाही, एवढंच."

"आणि कूलरपुढे ठेवलं तर?"

"तर काय, गच्च होतं. तोंडाला लावायच्या क्रीमसारखं. बापूसाहेबांना नाही चालत."

जुईली उठली. दाणा! घाईने थिजलेल्या तुपाला दाणा धरत नाही. सावकाश निवलं की टपोरा रवा खाली बसतो आणि पातळ तूप वेगळं होऊन वर राहतं, चमच्याने काढून घ्यावं इतकं वेगळं. मेणाचं तरी निराळं काय होतं? तिने कूलर लावून त्याला झटपट थिजवलं होतं. त्याचे कण इतके बारीक झाले की तेल त्यांच्यात कोंडून पडलं, मग खालून कितीही बेताने ऊब द्या, ते बाहेर यायचं कुठून? फेब्रुवारीत शेड बंद होती, वाऱ्याची झुळूक नव्हती, म्हणून साधलं. उन्हाने काहीही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं ते कूलरने, आणि तिसरा कूलर तर तिने स्वतः खडूने आखून बसवला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की दोन्हीचं मिळून तिला हसूच फुटलं.

"अगं, आमरस तरी..." रमाबाई म्हणेपर्यंत ती चपला घालत होती.

अकोल्याच्या बसमधून तिने खुशालरावांना फोन लावला.

"काका, तिन्ही कूलर बंद करा."



"पोरी," खुशालराव म्हणाले, "तुले ऊन त नाई ना लागलं?"

---

कूलर बंद करण्यावर ती थांबली असती तर लोकांनी एकवेळ सोसलं असतं. पण तिला ट्रेवर पांघरूण हवं होतं. वरचा थर आधी आणि आतला नंतर थिजू नये, सगळं मेण मिळून एकदम निवावं, आणि तेही जितकं रेंगाळत निवेल तितकं बरं.

"रजया पाहिजेत," ती म्हणाली.

मे महिना. बाहेर शेचाळीस. ऑपरेटर भगवंत तिच्याकडे बघत राहिला.

"मेणाले रजई?" खुशालराव म्हणाले. "अवं, लोक हासतीन ना. एमआयडीसीत तोंड दाखवाले जागा नाई ठेवत तू."

"हसू द्या. काका, एक बॅच. शुक्रवारच्या आधी होते. नाही झालं तर मी स्वतः रसिकभाईंच्या ट्रकमध्ये नटबोल्ट भरायला लागते."

"आन् आतमंदी मानसं?" भगवंतने विचारलं. "कूलर बंद केल्यावर मानसं उकडून मरतीन ताई."

"आत कोणी जायचंच नाही. ओतायचं, झाकायचं, दार लावायचं. कूलर बाहेर कडुनिंबाखाली न्या आणि तुम्ही सगळे तिथे बसा."

भगवंतला ही योजना ताबडतोब पटली.

रजयांसाठी ती कौशल्याकाकूंकडे गेली. खुशालरावांच्या बायकोने तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही आणि मग लोखंडी पेटी उघडली. घरच्याच कापसाच्या रजया होत्या. दिवाळीनंतर विपुलचं लग्न होतं आणि पाहुण्यांसाठी जुन्या शहरातल्या गादीवाल्याकडून त्या मुद्दाम भरून आणलेल्या. लाल काठाच्या, मोरांच्या, मोठ्या फुलांच्या.

"आई, थ्या लग्नाच्या रजया हायेत!" विपुल दारातून ओरडला.

"मंग? तुह्या लग्नाले सहा महिने हायेत." कौशल्याकाकू एकेक रजई जुईलीच्या हातांवर रचत होत्या. "तवर मेण निजन त्यायच्यात. घे वं पोरी. लागल्या त शेजारच्याइच्या मांगू."

सोमवारी पहाटे भगवंतने वितळलेलं मेण ट्रेमध्ये सोडलं. वर झाकणं बसली, झाकणांवर मोर आणि फुलं पसरली. शेडची दारं लावली. शेजारच्या दालमिलची माणसं कुंपणापाशी येऊन पाहून गेली आणि जाताना हसून गेली. खुशालरावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसले.

त्या दोन दिवसांत काहीच घडलं नाही, आणि वऱ्हाडी माणसाला काहीच न करता बसवणं किती कठीण आहे हे जुईलीला कळलं. भगवंत तासातासाने विचारायचा, थोडंसं उघडून पाहू काय. खुशालराव त्याच्यावर खेकसायचे, आणि थोड्या वेळाने स्वतःच दारापर्यंत जाऊन हात मागे बांधून परत यायचे. विपुल दुरून फोनवर बोलत होता. रसिकभाईंना कारखान्याचा रस्ता समजावून सांगत होता.

बुधवारी सकाळी तिने रजया बाजूला केल्या. मेण थिजलं होतं. तिने चाकूचं टोक घालून कोपऱ्याचा ढलपा उडवला आणि उजेडात धरला. आतले कण खडीसाखर फोडल्यासारखे चमकत होते. ट्रेखालच्या नळ्यांत तिने कोमट पाणी सोडायला सांगितलं आणि भट्टी इतकी मंद ठेवली की भगवंतला ती विझली असं वाटलं. विस्तव फारसा लागतच नव्हता. शेडमध्ये वैशाख स्वतः येऊन बसला होता आणि अर्धं काम तोच करत होता.

दुपारपर्यंत खालच्या तोटीला काहीच आलं नाही. मग एक थेंब आला. तपकिरी, जाड. तो तोटीच्या तोंडाशी लोंबकळत राहिला आणि पडला. मागून दुसरा आला. मग थेंबांतलं अंतर नाहीसं झालं आणि बारीक, अखंड धार लागली.

पाडव्यानंतरच्या प्रत्येक बॅचला तोटी नुसती रडत असे. अशी धार जुईलीने फेब्रुवारीनंतर पाहिली नव्हती.

खुशालरावांनी धोतराचा सोगा आवरला, खाली वाकून त्या धारेत बोट धरलं, अंगठ्याने चोळून पाहिलं.

"हे सारं आतमंदीच होतं काय वं?"

"हो काका."

"आन् आपण त्याले गार हवा देऊन राहिलतो."

"मी देत होते काका. तिसरा कूलर माझा होता."

"आन् पहिला माहा." ते उठून उभे राहिले आणि असे गदगदून हसले की बाहेरची माणसं धावत आत आली. "भगवंता, डबा बदल रे! भरून राहिला ना!"

भगवंतने दुसरा डबा लावला. तोही भरला. कोणीतरी शिट्टी मारली. भर दुपारी, दारं लावलेल्या त्या भट्टीसारख्या शेडमध्ये सगळे घामाने निथळत उभे होते आणि कोणालाही बाहेर जावंसं वाटत नव्हतं. जुईलीने खिशातून रुमाल काढला. घाम पुसते आहे असं दाखवून तिने डोळे पुसले.

---

शुक्रवारी रसिकभाई आले. मागे क्रेन, त्यामागे रिकामा ट्रक. गृहस्थ जाडजूड, पांढरा सदरा, आयुष्य मेणात गेलेलं. उतरल्या उतरल्या त्यांनी मशिनरीकडे एक नजर टाकली आणि विपुलला म्हणाले, "खोलायला सुरुवात करू?"

विपुल व्हरांड्याकडे वळला. सकाळी मातीतून गाळून निघालेल्या मेणाच्या लाद्या व्हरांड्यात रचल्या होत्या आणि तो तेव्हापासून त्यांच्याच आजूबाजूला घुटमळत होता.

"आधी हे पाहून घ्या," तो म्हणाला.

रसिकभाईंनी लादी पाहिली. नखाने ओरखडा काढला. वास घेतला. कोपरा मोडून त्याच्या मोडलेल्या बाजूकडे चष्मा वर करून पाहिलं. मग जुईलीकडे हात पसरला. तिने टिपकागद दिला. त्यांनी घडीत तुकडा ठेवला, घडी फरशीवर ठेवली, वर फळी टाकली आणि सदरा सावरत आपल्या सगळ्या वजनानिशी त्या फळीवर चढून उभे राहिले.

क्रेनवाल्याने इंजिन चालूच ठेवलं होतं, तेवढा आवाज येत होता.

रसिकभाई उतरले. घडी उघडली. कागद कोरा होता. त्यांनी तो उलटा करून पाहिला, उन्हाकडे धरून पाहिला आणि दुसरा मागितला. पुन्हा चढले. दुसराही कोरा निघाला.

"गार करायला चिलर कोणता लावला?"

"चिलर नाही लावला," ती म्हणाली. "या, दाखवते."

शेडमध्ये पुढची बॅच निजली होती. ट्रेवरचे मोर आणि फुलं पाहून रसिकभाई आधी हसले. मग त्यांनी एका रजईचं टोक उचलून खाली हात घातला. हात तिथेच राहिला आणि हसू हळूहळू गेलं.

"किती वेळ ठेवता?"

"दोन दिवस. कधी जास्तही लागेल."

"हमारे यहाँ मेण को दोन तास कोणी देत नाही, बेन," ते म्हणाले. "मीसुद्धा नाही दिले."

ते बाहेर आले. व्हरांड्यात खुशालराव खांबाला धरून उभे होते.

"खुशालरावजी, प्लांट नको मला," रसिकभाई म्हणाले. "नेऊन करू काय? तिकडे तुमचं हे ऊन नाही, आणि एवढा धीर कोणाला आहे? माल द्या. आज जेवढा आहे तेवढा. आणि पुढचा दुसऱ्या कोणाला कबूल करू नका."

खुशालरावांनी खांब सोडला. ते भगवंतकडे वळले आणि म्हणाले, "पाहुन्यायले पानी नाई देल्लं रे कोनं?"

क्रेन रिकामी परत गेली. ट्रकमध्ये लाद्या चढू लागल्या. दालमिलची माणसं पुन्हा कुंपणाशी आली, आणि या वेळी त्यांतले दोघे आत येऊन लाद्यांना हात लावायला लागले. जुईलीचा फोन वाजला. बापूसाहेब होते.

"अर्जाचा आज शेवटचा दिवस आहे," ते म्हणाले. "आठवण केली फक्त."

"बाबा, नंतर करते फोन. ट्रक भरून राहिलो आम्ही."

"कशाचा ट्रक?"

"मेणाचा!" ती इतक्या जोरात म्हणाली की ट्रकवरचे लोक थांबून बघायला लागले. पलीकडे बापूसाहेब तिला ऐकू येईल अशा आवाजात रमाबाईंना हाक मारून म्हणाले, "अगं ऐकलंस का?"

ऊन कलायला लागलं तेव्हा ट्रक निघाला. फाटकाशी पंजाबराव बसायचे. ऐकायला कमी येणारे, जुने चौकीदार. मशिनरी जाणार हे त्यांनी आठवडाभर ऐकलं होतं. ताडपत्री बांधलेला ट्रक पाहून त्यांनी फाटक अर्धवट उघडलं, टोपी काढून हातात घेतली आणि सोबत चालत आलेल्या विपुलला विचारलं,

"चाल्लं काय जी सारं?"

विपुलने ट्रककडे पाहिलं. मग त्याने स्वतः फाटकाला हात घातला आणि ते भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं.

"मेण चाल्लं, पंजाबराव," तो त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला. "आपलं मेण."

पंजाबरावांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. तेव्हा तो दुसऱ्यांदा, सगळ्या एमआयडीसीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला.